निकाल लागल्यानंतर दुकानाचा ताबा मिळेपर्यंत

मराठवाड्यात जुन्या भाडेकरूचा विषय निघाला की एखादा वडीलधारा अजूनही हमखास सांगतो, "रेंट कंट्रोलरकडं अर्ज टाक." आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, हेही तेच धरून बसले होते. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात, त्यामुळे मुंबई-पुण्याकडे १९४७ चा कायदा असताना आपल्याकडे हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा चालायचा. भाडेकरूला काढायचं असेल तर अर्ज महसूल अधिकाऱ्यापुढे, म्हणजे रेंट कंट्रोलरपुढे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला आणि मुंबईचा, विदर्भाचा, आपला असे तिन्ही जुने कायदे रद्द झाले. गावातला सल्ला मात्र रद्द झाला नाही.

आमच्या दुकानाचा ताबा २९ एप्रिल २०२५ ला मिळाला. हातात निकालाची नक्कल आहे पण दुकानावर कुलूप भाडेकरूचंच आहे, अशा लोकांसाठी हे लिहिते आहे. गावाचं नाव लिहीत नाही. मोंढ्याचं, तालुक्याचं गाव आहे एवढं पुरे. समोरचं कुटुंब दोन गल्ल्या सोडून राहतं आणि आमचं तोंड रोज एकमेकांना दिसतं.

दुकान म्हणजे आमच्या वाड्याचे रस्त्याकडचे दोन खण. अप्पांनी ते १९७६ साली एका शिंपीकाकांना महिना ६० रुपयांनी दिले. माझ्या शाळेचे सगळे युनिफॉर्म तिथेच शिवले गेले. १९८८ साली काकांनी रेंट कंट्रोलरकडे जाऊन भाडं १५० रुपये ठरवून घेतलं. नव्या कायद्यात असं ठरलेलं भाडं ५ टक्क्यांनी वाढतं आणि पुढे दरवर्षी ४ टक्के. हिशेब केलात तर २०१२ पर्यंत ते अडीचशेच्या घरात जातं. तेवढ्यात वाड्याची नगरपालिकेची पट्टीसुद्धा निघत नव्हती.

पण भाडं कमी आहे म्हणून कोणाला काढता येत नाही. कारण कायद्यातलं लागतं. आमचं कारण मी होते. माझं डी. फार्म. झालेलं आणि मी दुसऱ्याच्या मेडिकलमध्ये पगारावर. स्वतःच्या औषध दुकानाच्या परवान्याला किमान १० चौरस मीटर जागा लागते आणि आमच्याकडे रस्त्याला लागून असलेली जागा तेवढीच. घरमालकाची वाजवी आणि खरी गरज, कलम १६ (१) (g) म्हणतात ते हेच. २०१२ मध्ये अप्पांनी तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात, कनिष्ठ स्तर न्यायाधीशांपुढे दावा लावला. तोपर्यंत काका गेले होते आणि दुकान त्यांचा मुलगा चालवत होता. त्याला मी दादा म्हणते. साक्षीपुराव्याची सहा वर्षं इथे लिहीत बसत नाही. एक कागद मात्र उपयोगी पडला. जास्त अडचण कोणाची होईल हेही कोर्ट तोलून बघतं, आणि दादाच्या नावावर नव्या कॉम्प्लेक्समध्ये गाळा होता. नगरपालिकेचा कर आकारणीचा उतारा काढून दिला तेव्हा उलटतपासणीत त्याला ते मान्य करावं लागलं.

डिसेंबर २०१८ ला निकाल आमच्या बाजूने लागला. अप्पांनी पेढे आणले. आमच्या वकीलसाहेबांनी एक पेढा घेतला आणि म्हणाले, "अप्पा, दावा संपला, आता ताब्याचं काम सुरू."

त्यांच्या कारकुनाने पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट पकडली. निकालपत्र (कारणांसह निकाल) आणि हुकूमनामा (त्यावरून निघणारा कोर्टाचा औपचारिक आदेश) हे दोन वेगळे कागद असतात, आणि ताबा मिळतो तो हुकूमनाम्यातल्या चतुःसीमेवर. आमच्या हुकूमनाम्यात टायपिंग करताना पूर्व आणि पश्चिम उलटसुलट झालं होतं. लगेच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज दिला म्हणून ते अपील सुरू व्हायच्या आत निपटलं. तुमची नक्कल हातात पडली की घरी नेऊन चारी बाजू दारात उभं राहून वाचा. बेलीफ (कोर्टाचा हुकूम बजावणारा कर्मचारी) दारात येऊन "कागदावर पश्चिमेला गल्ली आहे, इथं तर भिंत आहे" असं म्हणून परत गेल्याच्या गोष्टी मी कोर्टाच्या कट्ट्यावर ऐकल्या आहेत.

अपिलाला ३० दिवस असतात. दादाने शेवटच्या आठवड्यात जिल्हा न्यायालयात अपील केलं आणि स्थगिती मागितली. इथे आमच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा आत्माराम प्रॉपर्टीजचा २००४ चा निकाल दाखवला. बेदखलीचा हुकूमनामा झाल्यावर भाडेकरूला जुन्या भाड्यात बसून राहता येत नाही, स्थगिती हवी असेल तर बाजारभावाप्रमाणे नुकसानभरपाई भरण्याची अट घालता येते, असं त्यात आहे. कोर्टाने महिना ३,५०० रुपये कोर्टात जमा करायला सांगितले. कुठे अडीचशे-तीनशे आणि कुठे साडेतीन हजार! स्थगितीच्या अर्जाला नुसता विरोध करून थांबू नका, ही मागणी लेखी करा.

मार्च २०२० मध्ये कोर्टं बंद झाली. त्याच वर्षी अप्पा गेले. वारस म्हणून आई, भाऊ आणि मी अशी नावं लावायला मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज एवढंच लागलं, पण ते ९० दिवसांत करायचं असतं आणि त्या दिवसांत कोणाला काही सुचत नाही. वकिलांच्या कारकुनाने दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, बरं झालं केला.

फेब्रुवारी २०२२ ला अपील फेटाळलं. त्याच आठवड्यात उच्च न्यायालयाच्या खंडपीठात कॅव्हेट टाकलं, म्हणजे आम्हाला न ऐकता स्थगिती मिळू नये. कॅव्हेट ९० दिवसच चालतं, तारीख लिहून ठेवा. अशा दाव्यात दुसरं अपील नसतं, पुनरीक्षण अर्ज असतो. दादाने तो केला, अंतरिम स्थगिती मिळाली आणि जुलै २०२३ ला अर्ज फेटाळला गेला. दुकान रिकामं करायला डिसेंबरअखेरपर्यंत मुदत दिली होती, पण चार आठवड्यांत हमीपत्र द्यायची अट होती. हमीपत्र आलं नाही.

सप्टेंबर २०२३ ला दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून द्या असा अर्ज, दाखल केली, पुन्हा तालुक्याच्याच कोर्टात. दरखास्तीचा नमुना रकान्यांचा असतो : दावा नंबर, निकालाची तारीख, अपील झालं का, त्याचं काय झालं, आधी दरखास्त केली होती का, काय मदत हवी. सोबत तिन्ही कोर्टांच्या निकालांच्या प्रमाणित नकला आणि हाताने काढलेला नकाशा जोडला. नकाशा कोणी मागितला नव्हता, पण बेलीफला फार कामाला आला. ताब्याच्या दरखास्तीला १२ वर्षांची मुदत असते म्हणून लोक निवांत राहतात. दोन वर्षांच्या वर गेलं तर समोरच्याला आधी नोटीस काढावी लागते आणि तिथे पुन्हा तारखा सुरू होतात. कोर्ट फी किरकोळ होती. वकिलांनी दरखास्तीचे वेगळे २५,००० घेतले, तेही टप्प्याटप्प्याने.

आता ज्यासाठी लिहायला बसले तो भाग.

ऑक्टोबरमध्ये दादाच्या नव्या वकिलांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४७ खाली हरकत घेतली. म्हणणं असं : भाडेपट्टा १९७६ चा, भाडं हैदराबाद कायद्याखाली रेंट कंट्रोलरने ठरवलेलं, तेव्हा बेदखलीचा अधिकारही त्यांचाच. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा मुळातच रद्दबातल. ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. बारा वर्षांपूर्वी अप्पांनाही असंच वाटत होतं ना, की आपण चुकीच्या दारात उभे आहोत!

वकीलसाहेबांनी मला नव्या भाडे कायद्याचं कलम ५८ वाचायला दिलं. जुने कायदे रद्द करताना त्यात एवढंच राखून ठेवलं आहे : जे अर्ज, दावे आणि कामं नवा कायदा लागू झाला त्या दिवशी प्रलंबित होती, ती जुन्या कायद्याप्रमाणेच पुढे चालतील आणि त्यांची अपीलंही जुन्याच वाटेने जातील. भाडेकरू जुना आहे की नवा, याला इथे महत्त्व नाही. काम केव्हा दाखल झालं ते बघायचं. १९८८ चा भाडं ठरवण्याचा अर्ज १९८८ लाच संपला होता. आमचा दावा २०१२ चा. त्यामुळे कलम ३३ प्रमाणे कोर्ट दिवाणीच. शिवाय दरखास्तीचं कोर्ट हुकूमनाम्याच्या पाठीमागे जाऊन निकाल पुन्हा तपासू शकत नाही, आणि हा मुद्दा खालपासून वरपर्यंत कोणी काढलाच नव्हता. तुमच्या घरात २००० च्या आधी रेंट कंट्रोलरकडे लावलेलं आणि तेव्हा चालू असलेलं प्रकरण असेल, तर तुमची वाट आमच्यापेक्षा वेगळी आहे. म्हणून जुन्या फायलीतली दाखल तारीख आणि अंतिम आदेशाची तारीख सगळ्यात आधी शोधा. आम्हाला १९८८ च्या आदेशाची नक्कल अप्पांच्या ट्रंकेत सापडली, वाळवीने एक कोपरा खाल्लेली, पण तारीख शाबूत.

हरकत एप्रिल २०२४ ला फेटाळली. दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी, असं सर्वोच्च न्यायालयाने राहुल शहा प्रकरणात २०२१ साली सांगितलेलं आहे. आमचे सहा महिने तेव्हाच उलटले होते. वकिलांनी तो निकाल जोडून पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली आणि त्यानंतर तारखा महिन्याऐवजी पंधरा दिवसांच्या पडू लागल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ताबा वॉरंट निघालं. नाझरकडे, म्हणजे कोर्टात बेलीफांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, बेलीफ भत्ता भरला, पावती घेतली. जुलैमध्ये बेलीफ आले तर आतल्या खणात दादाचा चुलतभाऊ खुर्ची टाकून बसलेला. म्हणे, "हा खण मला अप्पांनी २००३ ला वेगळा दिलाय, महिना दोनशेनं." बेलीफने तसा अहवाल लिहिला आणि निघून गेले. मी दारातच रडले, खोटं कशाला सांगू. दादाची बायको, वहिनी, पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "कशाला करायलीस गं हे सगळं?" मी पाणी प्यायले. उत्तर दिलं नाही.

असा अडथळा आला की ३० दिवसांच्या आत अडथळा दूर करण्याचा अर्ज द्यायचा असतो, दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर २१ नियम ९७ चा. मग त्या माणसाच्या हक्काची चौकशी तिथेच होते, वेगळा दावा लागत नाही. आणि इथे नवा कायदा आमच्याच अंगावर आला. कलम ५५ प्रमाणे २००० नंतरचा प्रत्येक भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, आणि करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. चुलतभावाचे वकील हेच कलम घेऊन उभे राहिले. करार नाही ही म्हणे घरमालकाचीच चूक! म्हणजे न दिलेला खण दिला नव्हता हे आम्ही दाखवायचं.

ते दाखवलं दादाच्याच तोंडाने. मूळ दाव्यातल्या त्याच्या लेखी कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या उत्तरात, "दोन्ही खण प्रतिवादीच्या ताब्यात व वापरात आहेत" असं सरळ वाक्य होतं, आणि २०१६ च्या उलटतपासणीतही तेच. वीज मीटर एकच, काकांच्या नावाचं. चुलतभावाकडे एकही भाडेपावती नव्हती. दोन खण वेगळे नाहीत हे दाखवायला वाड्याचं निजामकाळातलं खरेदीखत काढलं. ते उर्दूत. एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी २,००० रुपयांत मराठी करून दिलं आणि प्रतिज्ञापत्रही केलं. फेब्रुवारी २०२५ ला अडथळा दूर करण्याचा आदेश झाला. चुलतभावाने त्यावर अपील केलं, पण स्थगिती मिळाली नाही. प्रमाणित नकला काढताना निकालावर न थांबता कैफियत आणि जबान्यांच्याही काढा, पाने कितीही होवोत.

दुसऱ्या वॉरंटच्या वेळी वकिलांनी दोन अर्ज आधीच मंजूर करून घेतले : कुलूप तोडण्याची परवानगी आणि पोलीस बंदोबस्त. दोन्ही वेगळे मागावे लागतात. नुसत्या ताबा वॉरंटवर बेलीफ कुलपाला हात लावत नाहीत. बंदोबस्ताचा आदेश घेऊन पोलिसांकडे जायचं, ते शुल्क कळवतात, ते भरल्यावर तारीख मिळते. घरात बायका असतील तर अर्जात महिला पोलीस लिहून मागा. सण, निवडणूक, जयंती यांच्या आसपासची तारीख घेऊ नका, बंदोबस्त तिकडे जातो. आमची पहिली तारीख त्यामुळेच हुकली. पंच गल्लीतले कोणी होईनात. भावाच्या ऑफिसातले दोघे आले, आधार कार्ड घेऊन.

२९ एप्रिलला सकाळी दहाला बेलीफ, एक हवालदार, दोन महिला पोलीस आणि कुलूपवाला. दादाने कुलूप स्वतःच उघडलं. कुलूपवाल्याचे ५०० गेले ते गेले, पण मला हायसं वाटलं. मग सामानाची यादी. दोन पायमशिनी, एक ओव्हरलॉक, इस्त्री, लाकडी टेबल, कापडाचे तुकडे भरलेली तीन पोती, न नेलेले शिवलेले कपडे. बेलीफ एकेक वस्तू बोलायचे, पंच बघायचे, मी मोबाइलवर व्हिडिओ घेत होते. टेबलाच्या मागच्या भिंतीवर काकांनी पेन्सिलने लिहिलेली मापं होती, नावांसकट. त्यात माझं नाव, छाती २४, उंची, आणि पुढे "वाढीव ठेवणे". बेलीफनी विचारलं, "हे काय लिहू?" मी म्हटलं, भिंत आमचीच आहे, लिहू नका काही.

सामान दादाने टेम्पोत भरून नेलं, यादीवर सही केली. त्याने नेलं नसतं तर ते ठेवायची जागा आणि खर्च आमच्या गळ्यात पडला असता, म्हणून एक खोली आधीच रिकामी करून ठेवली होती. दुपारी अडीचला पंचनामा, ताबा पावतीवर माझी सही, आमचं कुलूप. जाताना दादा म्हणाला, "ताई, मीटर बंद करून घे, बिल आमच्या नावावर नको." तेही त्याच संध्याकाळी अर्ज देऊन केलं.

इथे बरेच लोक सुस्कारा सोडून बसतात. स्वतःच्या गरजेसाठी ताबा घेतला असेल तर भाडे कायद्याचं कलम १७ नीट वाचा. ताबा मिळाल्यापासून एक महिन्यात जागा वापरात आणली नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरू तेरा महिन्यांत अर्ज करून परत ताबा मागू शकतो. औषध परवाना महिन्यात हातात पडेल याचा भरवसा नव्हता. म्हणून रंगकाम आणि फर्निचर एकत्रच उरकलं, दुकान नोंदणीची सूचना ऑनलाइन दिली, नवं मीटर घेतलं आणि २२ मे ला आयुर्वेदिक औषधं, लहान बाळांचं सामान आणि डायपर ठेवून दुकान उघडलं. आयुर्वेदिक विक्रीला तो परवाना लागत नाही. पहिल्या दिवसापासूनची बिलबुकं, वीज बिलं, तारखेसह फोटो असं सगळं एका फायलीत लावते आहे. औषध निरीक्षक येऊन गेले आणि परवाना जुलैत मिळाला.

दरखास्तीपासून ताब्यापर्यंतचा खर्च, वकिलांची फी, अडथळ्याच्या चौकशीचे त्यांचे वेगळे १५,०००, नकला, भत्ता, बंदोबस्त, अनुवाद धरून ७० हजारांच्या आसपास गेला. त्यात दावा, अपील आणि खंडपीठ नाही.

आता राहिलं आहे अपिलात जमा झालेलं महिना साडेतीन हजार. ते कोर्टातून काढायला तिन्ही वारसांची संमती, बँक पासबुकाची प्रत आणि अर्ज दिला आहे. दादाच्या वकिलांनी म्हणणं द्यायला मुदत मागितली आहे. आईला प्रत्येक वेळी न्यावं लागू नये म्हणून तिचं मुखत्यारपत्र भावाच्या नावे करून घेतलं. पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीनंतरची आहे.